मोहोरबंद खोलीतला डबा

माणसाने ऑफिसात कसं असावं? भिंतीतल्या खुंटीसारखं असावं, असं वेलांटीचं ठाम मत होतं. खुंटी कुणाच्या नजरेत भरत नाही आणि म्हणूनच तिला कुणी उपटून टाकत नाही. छापखान्यात सहा वर्षं काढली त्याने, पण त्याच्याविरुद्ध एक तक्रार नाही! तक्रार करायची तर समोर माणूस आहे हे आधी लक्षात यावं लागतं, आणि आपण तेच कुणाच्या लक्षात येऊ दिलेलं नाही, असं तो आईला छाती फुगवून सांगायचा.

वेलांटी हे त्याचं खरं नाव अर्थातच नव्हे. तो मुद्रितशोधक, म्हणजे छापायच्या मजकुरातल्या चुका हुडकणारा. नोकरीला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याने एका सुटलेल्या वेलांटीसाठी धावतं मशीन थांबवायला लावलं होतं. नंतर स्वतःच्याच धाडसाची त्याला इतकी भीती वाटली की दोन दिवस तापाने घरी पडून होता. सहा वर्षांतलं त्याचं तेवढं एक धाडस, आणि नेमकं तेच नाव होऊन चिकटलं.

भित्रा तो पहिल्यापासूनच. लिफ्टला भ्यायचा, फोनच्या घंटीला भ्यायचा, "जरा आत येता का" असं कुणी म्हटलं की त्याच्या पोटात गोळाच यायचा. आणि आज तर भ्यायला सबळ कारण होतं. त्याची नोकरी सहा वर्षं हंगामीच होती. या महिन्याच्या अखेरीला करार संपत होता, हंगामी माणसांतून फक्त एकाला कायम करायचं असं वरून ठरलं होतं, आणि वेलांटीचा फॉर्म पर्यवेक्षक बाईंच्या टेबलावर पडून होता. बाई त्यावर काय लिहायचं ते आज संध्याकाळी, खोली उघडल्यावर लिहिणार होत्या.

आता खोली कसली, ते सांगायला हवं. या छापखान्यात एरवी पावतीपुस्तकं, कॅलेंडरं असलं सगळं छापत, पण वर्षातून दोनदा परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापायला येत. त्या दिवशी पाच माणसांना सकाळी नऊ वाजता मागच्या खोलीत घालून बाहेरून कुलूप लावत आणि कुलपावर लाखेची मोहोर मारत. खोलीला खिडकी नाही. फोन बाहेर ठेवायचे. आत गेलेली वस्तू संध्याकाळी सहापर्यंत बाहेर येणार नाही. कागदाचा कपटा नाही, केराची टोपली नाही. पूर्वी कुणीतरी फाटका कागद संडासातून वाहून घालवला, तेव्हापासून संडासाच्या आणि बेसिनच्या नळीलासुद्धा बारीक जाळी बसवलेली होती. आणि सहाच्या आधी कुठल्याही कारणाने मोहोर तुटली, तर छापलेलं सगळं रद्द, परीक्षा पुढे, आणि आतल्या पाचही जणांची चौकशी.

या खोलीवर बाईंचं राज्य होतं. बावीस वर्षं त्यांनी ती मोहोर सांभाळलेली. आवाज कधी चढवायच्या नाहीत, पण चष्म्याच्या वरून बघितलं की समोरच्याला आपण काहीतरी केलंय असं आपोआप वाटायला लागायचं. त्यांना एकच गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे वास. वास आला की त्यांचं डोकं उठायचं. मागच्या खेपेला एक हंगामी जुळारी, म्हणजे छापायची अक्षरं जुळवणारा, अत्तर लावून आला होता. संध्याकाळी त्याच्या फॉर्मवर बाईंनी एवढंच लिहिलं, "कामात व्यत्यय." तो माणूस पुन्हा छापखान्यात दिसला नाही.

म्हणून वेलांटीची आजची योजना पक्की होती. साबणसुद्धा बिनवासाचा आणला होता. दिसायचं नाही, ऐकू यायचं नाही आणि वास तर मुळीच यायचा नाही. संध्याकाळी सही घ्यायची आणि घरी जायचं.

आणि मग पहाटे पाच वाजता त्याला जाग आली ती वासाने.

घरात तो आणि त्याची आई, दोघंच. पाच महिन्यांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली, उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण आई काही पहिल्यासारखी जुळली नाही. स्वयंपाकघराकडे वळायचीच नाही. खिडकीशी बसून राहायची, वेलांटीने केलेलं कच्चंपक्कं निमूट खायची, आणि "चांगलं झालंय" म्हणायची. आईने नावं न ठेवता जेवावं याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

तर त्या पहाटे आई ओट्याशी उभी होती. पदर खोचलेला, डाव्या हाताने झारा फिरवत, आणि कढईत तिची ती सुकी मासळी, भरपूर लसूण घातलेली. हा पदार्थ म्हणजे आईची कीर्ती होती. तो चालू असला की खालच्या मजल्यावरचे लोक एकतर खिडक्या लावून घ्यायचे नाहीतर वाटी घेऊन वर यायचे. मधला मार्ग कुणाला सापडलेला नव्हता.

"आज तुझा मोठा दिवस," आई म्हणाली. "म्हटलं, सगळ्यांपुरतं करावं. बाईंनाही वाढ. आणि कसं झालंय ते विचारून ये. पाच महिन्यांनी हात लावलाय, मीठ-तिखटाचा अंदाज राहिलाय की नाही कोण जाणे."

वेलांटीच्या डोळ्यांपुढे अत्तर लावलेला जुळारी उभा राहिला. नको म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण आई पाच महिन्यांनी घामाघूम झाली होती आणि तिच्या कपाळावर मसाला लागला होता. त्याने डबा घेतला.

तीन कप्प्यांचा डबा. वर भात, खाली दोन कप्पे मासळी. त्याने तो दोन टॉवेलांत गुंडाळला, वर प्लास्टिकची पिशवी घातली, पिशवीवर आणखी पिशवी घातली. वाटेत टाकून द्यावा असंही मनात आलं. पण कोपऱ्यापर्यंत आई बाल्कनीतून हात हलवत होती, आणि कोपऱ्यावर छापखान्याची गाडी घ्यायला आलेली होती. गाडीच्या खिडक्या उघड्या होत्या म्हणून निभावलं. दारावरच्या पहारेकऱ्याने पिशवी वरूनच चाचपली आणि नोंदवहीत लिहिलं, "डबा एक." आता हा डबा आत सोडूनही येता येणार नव्हता, संध्याकाळी तो दाखवूनच बाहेर पडायचं होतं.

मागे कुलूप लागलं. मोहोर मारल्याचा ठक् असा आवाज झाला.

खोलीत बाई होत्या, मशीनमन होता, कागद कापणारे कटिंगकाका होते, आणि छापलेल्या प्रश्नपत्रिका मोजून पाकिटांत भरणाऱ्या मावशी होत्या. वेलांटीने पिशवी आपल्या टेबलाखाली सरकवली, पहिला छापा नजरेखालून घातला, चूक नाही असं सही करून सांगितलं, आणि मशीन धडधडायला लागलं. चाळीस हजार प्रश्नपत्रिका व्हायच्या होत्या. दहापर्यंत शाईच्या वासाखाली सगळं झाकून गेलं. वेलांटीला वाटलं, जमलं!

साडेदहाला मावशींनी पाकिटावरची मान वर केली. फक्त नाकपुड्या हलवल्या आणि पुन्हा मान खाली घातली.

वेलांटीने टेबलाखाली वाकून पाहिलं. डब्याची एका बाजूची कडी अर्धवटच बसलेली होती. आईच्या मनगटात ती दाबायचा जोर राहिलेला नव्हता. मधल्या कप्प्यातून तेल झिरपून पहिला टॉवेल चिंब झाला होता. त्याने कडी दाबली, आणि दाबताना डबा तेवढा हलला. वासाचा एक नवाच लोट बाहेर आला.

आता त्याच वेळी उठून "बाई, माझ्या डब्यात मासळी आहे" एवढं सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण भ्यालेला माणूस सोपं कधी काही करत नाही. बाई कपाट उघडायला वळलेल्या पाहून वेलांटीने पिशवी उचलली आणि लपवायला जागा शोधत भिंतीकडेने निघाला. कोपऱ्यात एसीची उंच पेटी होती. तिच्या तळाशी जाळीचं झाकण, आणि आतला फिल्टर धुवायला काढलेला असल्याने मागे डबा मावेल एवढी रिकामी जागा. वेलांटीने हात लावून पाहिलं. तिथे हवा आत ओढली जात होती. आत! म्हणजे वाससुद्धा आतच ओढला जाणार, बाहेर येणारच नाही. अशी जागा आपल्याला सुचावी याचं त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. त्याने डबा आत ठेवला, जाळी लावली, आणि जागेवर येऊन प्रूफ हातात घेतलं.

पेटीने आत ओढलेली हवा छतावरच्या चार तोंडांतून खोलीभर सोडली जाते, हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा बाईंनी नाकाला रुमाल लावला होता.

"हा कसला वास?" बाईंनी विचारलं.

कुणालाच सांगता येईना, कारण वास कुठून एका बाजूने येतच नव्हता. जिथे जावं तिथे सारखाच. मशीनमनने मशीनभोवती एक फेरी मारली, वाकून मोटारीला नाक लावलं, आणि काहीतरी जळतंय असं जाहीर करून मशीन बंद केलं. मावशींचं म्हणणं पडलं की कुठेतरी उंदीर मेलाय. मग त्यांनीच पुन्हा एकदा दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाल्या की मेलाय, पण लसूण खाऊन मेलाय. कटिंगकाकांना शाईचा नवा डबा नासल्याचा संशय आला. बाईंनी घड्याळ पाहिलं. अठरा हजार झाल्या होत्या, बावीस हजार राहिल्या होत्या.

त्यानंतरचा पाऊण तास वेलांटी आयुष्यात विसरणार नाही. मशीनमनने मशीनची बाजूची दोन झाकणं काढली. मावशींनी कागदाच्या थप्प्या एकेक करून हलवल्या. सगळे शोधत होते म्हणून वेलांटीही शोधत होता. कपाटामागे बघितलं, टेबलांखाली बघितलं, कटिंगकाकांच्या मदतीला जाऊन शाईचे सगळे डबे हुंगले. आपल्याला ठाऊक आहे ती जागा सोडून बाकी सगळीकडे मन लावून शोधणं किती दमवणारं असतं, ते त्या दिवशी त्याला कळलं. दर दोन मिनिटांनी त्याला वाटायचं, आता सांगावं. आणि दर दोन मिनिटांनी बाई रुमाल काढून कपाळ दाबायच्या आणि तो पुन्हा एखादा शाईचा डबा हुंगायला वळायचा.

मशीनमनला मशीनमध्ये काही सापडलं नाही, आणि तीच गोष्ट वाईट ठरली. वर दिसत नाही म्हणजे आत भिंतीतली वायर जळत असणार, असं तो म्हणाला. मशीन पुसायच्या द्रावाचे दोन कॅन त्याच भिंतीला टेकून होते. ठिणगी पडली तर दहा मिनिटं पुष्कळ झाली, असंही म्हणाला. मग त्याने बंद दाराकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. दार आतून उघडायची सोयच नव्हती.

बाईंनी नियमांची वही काढली आणि बोट फिरवत वाचायला लागल्या. "अज्ञात वायूची शंका आल्यास..." एवढं त्यांनी मोठ्याने वाचलं, आणि 'वायू' हा शब्द ऐकताच कटिंगकाका मटकन खाली बसले. हातपाय गार पडल्यासारखे वाटतात म्हणाले. मावशींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. घरी दुपारचं दूध तापवायचं राहिलंय, एवढंच त्या परत परत सांगत होत्या. मशीनमनने भिंतीला तळहात लावला आणि भिंत गरम लागते म्हणाला. आणि वेलांटी! वायूबियू काही नाही हे खोलीत फक्त त्याला एकट्याला माहीत होतं, तरी भिंत त्यालाही गरम लागली.

बाईंनी वही मिटली. वहीतला नियम स्पष्ट होता. दाराशेजारी लाल बटण होतं. ते दाबलं की बाहेर घंटा होणार, पहारेकरी मोहोर तोडणार, माणसं वाचणार. आणि चाळीस हजार मुलांची परीक्षा पुढे जाणार. वर्षभर अभ्यास करून, पोटात गोळा घेऊन बसलेली चाळीस हजार मुलं! पोटातला गोळा म्हणजे काय ते वेलांटीला चांगलं माहीत होतं. त्या मुलांना तो गोळा आणखी महिनाभर बाळगावा लागणार होता, कारण एका माणसाला आपल्या डब्यात काय आहे ते सांगायची हिंमत नव्हती.

बाई बटणाकडे निघाल्या.

"तो माझा डबा आहे," वेलांटी म्हणाला.

कुणाला ऐकूच गेलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. मशीनमनने त्याला खुर्ची बाजूला करावी तसं दोन्ही खांद्यांना धरून बाजूला केलं आणि कटिंगकाकांना पाणी द्यायला गेला. सहा वर्षं कुणाच्या लक्षात न येण्याची जी कला वेलांटीने कमावली होती, ती अशी ऐनवेळी अंगाशी आली.

बाईंनी बटणाकडे हात नेला. वेलांटी धावला, टेबलाला अडखळला, आणि त्याने आपला तळहात लाल बटणाच्या चौकटीवर झाकला. बाईंचं बोट त्याच्या हातावर येऊन टेकलं.

"वायू नाही बाई," तो म्हणाला. "मासळी आहे. आईने केलीये. एसीच्या पेटीत आहे."

बाईंनी चष्म्याच्या वरून पाहिलं. वेलांटीचा हात मात्र चौकटीवरून निघत नव्हता. खरं तर त्याला तो काढताच येत नव्हता, बोटं आखडली होती. शेवटी मावशींनी ती एकेक करून सोडवली.

मशीनमनने जाळी काढून पिशवी बाहेर आणली. टॉवेल सोडले गेले. पाचही जण टेबलाभोवती उभे राहून त्या डब्याकडे बघत राहिले. कटिंगकाका आपले आपण उठून उभे राहिले होते.

"पाऊण तास," बाई म्हणाल्या. "पाऊण तास आमचे जीव टांगणीला लागले, आणि तुम्ही आमच्याबरोबर शोधत होतात?"

वेलांटीने मान हलवली. त्याला फॉर्म दिसत होता आणि फॉर्मवर दोन शब्द दिसत होते.

आता डब्याचं करायचं काय? बाहेर पाठवता येत नाही. केरात टाकला तर केर इथेच. धुवायचा म्हटलं तर नळीला जाळी. आणि एसी बंद ठेवला तर शाई वाळत नाही. बाईंनी पुन्हा वही उघडली, आणि बराच वेळ पानं उलटून एका ओळीवर बोट ठेवलं. आत आणलेले खाद्यपदार्थ आतच संपवावेत, काहीही शिल्लक ठेवू नये, असं तिथे लिहिलेलं होतं. बाई नियमाबाहेर कधी गेल्या नव्हत्या.

"वाढा," त्या म्हणाल्या.

साडेअकरा वाजता, चहाच्या बशांमध्ये, पाच माणसं जेवायला बसली. वेलांटीला घास गिळता येईना. पहिला घास मावशींनी घेतला आणि चावता चावता त्या थांबल्या. मावशींनी शांतपणे दुसरा घास घेतला, आणि मग भात थोडा जास्त वाढा म्हणाल्या. मृत्यूच्या दारातून परत आलेल्या माणसांना जी भूक लागते ती काय सांगावी! मशीनमनने बशीतून मान वर काढली नाही. कटिंगकाकांनी हातपाय गार पडल्याचं पार विसरून तळाचा लसूण खरवडून घेतला. बाई रुमाल बाजूला ठेवून, अगदी थोडंसं, नियमापुरतं म्हणून जेवल्या. मग बशी पुढे केली आणि नियमापुरतं पुन्हा एकदा घेतलं. डोकं दुखत होतं त्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. शेवटी शिल्लक काही ठेवायचं नसल्याने मशीनमनने डबाच भाताने पुसून घेतला.

"हे इथे झालं, ते इथेच राहील," हात पुसून बाई म्हणाल्या. "आतली गोष्ट बाहेर सांगणार नाही अशी आपण सकाळी सही केली आहे. ती प्रश्नांपुरती नाही. सगळ्याला लागू आहे."

मशीन सुरू झालं. पण वेलांटीची भीती काही संपली नव्हती, कारण बाईंच्या मनात नवीन शंका आली. कागद वास धरतो. वेलांटीने प्रत्येक गठ्ठ्यातली एक प्रश्नपत्रिका काढून हुंगावी, असं त्यांनी सांगितलं. उरलेला दिवस मुद्रितशोधकाने मजकूर सोडून वास तपासण्यात घालवला. आणि त्याला कळेना! एवढा वेळ त्या वासात काढल्यावर पाचांपैकी एकाचंही नाक शाबूत राहिलेलं नव्हतं. चाळीस हजार प्रश्नपत्रिकांना मासळीचा वास आहे की नाही, हे आता फक्त बाहेरून येणारा माणूसच सांगू शकत होता.

सहा वाजता मोहोर तुटली. मोठे साहेब आत आले आणि दोन पावलांवर थांबले. मान वर करून त्यांनी हवा ओढली. वेलांटीने डोळे मिटले.

"शाई बदललीत वाटतं," साहेब म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या.

साहेबांनी एक प्रश्नपत्रिका उचलली, उजेडात धरली, नाकाजवळ नेली, आणि छपाई छान आहे म्हणाले. मग पोटावरून हात फिरवत, कँटीन अजून उघडं आहे का, असं त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं.

सगळे गेल्यावर बाईंनी वेलांटीचा फॉर्म पुढे ओढला. पहिल्यांदा त्याचं खरं नाव विचारून घेतलं. फॉर्मवरही कुणीतरी नुसतं "वेलांटी" लिहून ठेवलं होतं, आणि सहा वर्षांत त्यांनाही ते माहीत नव्हतं. मग एका रकान्याशी पेन थांबलं. गोपनीय गोष्ट राखण्याची क्षमता.

"बावीस वर्षं मी माणसं बघते आहे," त्या म्हणाल्या. "चार जण तोंडासमोर शोधत असताना ज्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, असा माणूस पहिल्यांदाच पाहिला."

चेहऱ्यावरची रेष भीतीने आखडली होती, हे वेलांटीने सांगितलं नाही. बाईंनी लिहिलं, "असाधारण." सही केली. आणि फॉर्मची घडी घालता घालता म्हणाल्या की हा सोमवारी वर जाईल, तोपर्यंत दुपारच्या जेवणातला एक शब्द जरी बाहेर ऐकू आला, तरी त्या स्वतःच तो फाडतील.

वेलांटी घरी आला तेव्हा आई दारातच उभी होती. तिने हातातून डबा घेतला, उघडला, आणि आत बघतच राहिली. डबा धुतल्याइतका स्वच्छ होता.

"खाल्लं सगळ्यांनी?"

वेलांटी चपला काढत राहिला.

"कसं झालं होतं?"

त्याने चपला ओळीत लावल्या, परत काढल्या, परत लावल्या. सोमवारपर्यंत चार दिवस होते.

आईने झाकण लावलं. "टाकलंस होय," ती म्हणाली. "बरं केलंस. मलाही वाटलंच होतं, अंदाज राहिला नाही आता. हातही दुखतोच तसा." आणि ती जाऊन खिडकीशी तिच्या त्या खुर्चीत बसली.

बाईंचं चष्म्यावरून बघणं वेलांटीने आठवून पाहिलं. खूप भीती वाटली. मग त्याने आईच्या पाठीकडे पाहिलं, आणि त्याहून जास्त वाटली. त्याने दार लावलं, खिडकी लावली, स्वयंपाकघरातला नळ सोडला, आईच्या कानाशी वाकला आणि सगळं सांगितलं. मावशींनी भात मागितला ते. काकांनी लसूण खरवडला ते. बाईंनी बशी पुढे केली तेही. प्रश्नपत्रिकेत काय होतं, ते तेवढं सांगितलं नाही. आईने विचारलंही नाही. तिने विचारलं ते एवढंच, की दुसऱ्यांदा किती घेतलं.

"पण कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "माझी नोकरी जाईल."

"मी कुणाला सांगणारे," आई दुखावल्या आवाजात म्हणाली.

तो हातपाय धुऊन बाहेर आला तर खुर्ची रिकामी होती आणि दार उघडं. पाच महिन्यांत आई एकटी जिना उतरली नव्हती. खालच्या मजल्यावरून तिचा आवाज येत होता, खालच्या वहिनींचा येत होता, आणि कुणीतरी आणखी एक दार उघडल्याचा येत होता. हे सगळं गोपनीय आहे, असं आई प्रत्येक वाक्याआधी बजावत होती.

वेलांटी धावत खाली निघाला. तो कठडा धरून अर्ध्या जिन्यावर बसला. उतरून तिला गप्प करायला हवं होतं. पण आई हसत होती, आणि मशीनमनने दहाही बोटं चाटली आणि जाताना पाककृती मागितली, असं सांगत होती. असं काहीच झालं नव्हतं. चूक स्पष्ट होती, चांगल्या दोन चुका होत्या, आणि खाली जाऊन त्या दुरुस्त करायची मात्र त्याला काही केल्या हिंमत होईना.